रोटरी इंजिन पहिल्यांदा खोलताय? या चुका टाळा

रोटरी पहिल्यांदा खोलणाऱ्याला सगळ्यात जास्त दगा देते ती एकच समजूत, की यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही, मग अवघड असं आहे तरी काय. आणि खरं सांगायचं तर खोलायला अवघड नाहीच. पाच थर एकावर एक रचलेले: पुढची प्लेट, रोटर हाउसिंग, मधली प्लेट, पुन्हा हाउसिंग, मागची प्लेट, आणि हे सगळं मागून पुढपर्यंत जाणाऱ्या लांबच लांब टेन्शन बोल्टनी आवळलेलं. माझदाच्या १३बी ला, म्हणजे दोन रोटरच्या इंजिनाला, असे १८ बोल्ट. ते काढले की चळत सुटी.

पण गंमत अशी की जो भाग आधीच गेलाय तो तसाही गेलेलाच निघणार, एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकावरची पट्टी, तुटलं असेल तर तुटलेलंच निघेल. नुकसान होतं ते चांगल्या भागांचं. पुन्हा वापरता आली असती अशी हाउसिंग, अशी प्लेट आपण खोलताना मारतो, आणि सगळ्यात महाग नेमकं तेच असतं. माझदाची रोटरीवाली आरएक्स-७ गाडी २००२ ला थांबली, आरएक्स-८ २०१२ ला, त्यामुळे चांगली हाउसिंग वर्षागणिक कमीच होत चालल्यात. म्हणून खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळं या चांगल्या भागांना वाचवण्याबद्दलच आहे.

इंजिन बाहेर काढायच्या आधीच होणारी चूक

न तपासता थेट हॉइस्ट, म्हणजे इंजिन उचलायची क्रेन, लावणं. इंजिन गाडीत आहे, स्टार्टर फिरतोय, तोवरच कॉम्प्रेशन बघून घ्या, एकदा खाली उतरवलं की ते राहून गेलं. साधा पिस्टन इंजिनचा गेज इथे फसवतो कारण रोटरला तीन बाजू असतात आणि गेज त्यातल्या सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो, म्हणजे एक बाजू पूर्ण मेलेली असली तरी आकडा छान दिसतो. रोटरीचा वेगळा टेस्टर मिळाला तर उत्तमच, नाहीतर साध्या गेजचा आतला व्हॉल्व्ह काढा किंवा त्याचं रिलीजचं बटण दाबून धरा, पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा बघा. तीन उड्या सारख्या यायला हव्यात. एक उडी खुजी आली की त्या बाजूचं सील गेलंय, तिन्ही खुज्या आल्या तर सरसकट झीज. टेस्टर असेल तर रेनेसिससाठी, म्हणजे आरएक्स-८ च्या इंजिनसाठी, २५० आरपीएमला किमान ६८० किलोपास्कल धरतात.

याचा खोलताना काय उपयोग? मागच्या रोटरची एक बाजू मेलीय हे आधीच माहीत असलं की तो रोटर हातात आल्यावर आपण नेमकं तिथे बघतो. नाहीतर सगळे भाग टेबलावर मांडलेले आणि इंजिन का गेलं ते कुणालाच कळत नाही. तसंच कूलंट कमी होत होतं का, थंड स्टार्टला पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, हे सगळं लिहून ठेवा, कारण ते असेल तर कूलंटच्या ओरिंगकडे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीकडे, आणि तिच्या खाचेकडे सगळ्यात आधी बघायचं.

उतरवताना

इथे फार लांबण लावत नाही, बरंच काही कुठल्याही गाडीसारखंच आहे. पेट्रोलचं प्रेशर आधी सोडा, नुसता रेडिएटर रिकामा करू नका, ब्लॉकला वेगळा ड्रेन बोल्ट असतो तोही काढा, नाहीतर प्लेटी सुट्या होताना सगळं कूलंट अंगावर येतं. एफडी म्हणजे शेवटच्या आरएक्स-७ मध्ये व्हॅक्यूमच्या पाइपांचं जंजाळ आहे आणि उष्णतेनं ते पाइप वाळून कडक झालेले असतात, ओढले की तुकडे. प्रत्येकाला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, फोटो काढा, आणि फोटो काढलेत म्हणून चिठ्ठी लावायचं टाळू नका, कारण महिनाभरानं फोटोत सगळे काळे पाइप सारखेच दिसतात.

एक मात्र सावकाश वाचा. टर्बोवाल्या एफसी (एफडीच्या आधीची आरएक्स-७) आणि एफडी मध्ये क्लच ओढून सुटणारा आहे, म्हणजे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटमध्ये अडकलेलं असतं. ते न सोडवता इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायला गेलात तर बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या तोंडाचे, सगळे बोल्ट काढूनही दोन्ही वेगळे होत नाहीत, आणि मग माणूस पहार घालतो. पहार घालायची नाही. इन्स्पेक्शनच्या फटीतून बेअरिंग आधी सोडवायचं, मग इंजिन अगदी अलगद पुढे येतं. एफडी आणि आरएक्स-८ मध्ये गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एक लांब फ्रेम जाते, ती सोडली की गिअरबॉक्सला खालून टेकू हवा, नाहीतर शेपूट खाली झुकते आणि इंजिनवर ताण येतो.

इंजिन दिसायला छोटं असतं म्हणून दोघांनी हातानं उचलायला जाऊ नका. आत बिडाच्या तीन प्लेटी आहेत.

स्टँडवर उलटं लावणं

सवयीनं आपण इंजिन बेलहाउसिंगच्या बाजूनं स्टँडला लावतो. रोटरीत फ्लायव्हील त्याच बाजूला आणि टेन्शन बोल्टची डोकीही त्याच बाजूला, म्हणजे जे काढायचंय तेच आपण झाकून टाकलं. पुढच्या प्लेटीवर जिथे इंजिन माउंट बसतात तिथे धरणारा अडॅप्टर लावा. तो नसेल तर सरळ जमिनीवर, जाड लाकडी ठोकळ्यांवर किंवा जुन्या टायरवर काम करा, ते चुकीच्या स्टँडपेक्षा कितीतरी बरं.

दोन मोठे नट-बोल्ट, आणि क्रम

फ्लायव्हीलचा नट ५४ मिलिमीटरचा. तो ४०० ते ४९० न्यूटन मीटरच्या आसपास आवळलेला असतो, वर लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवणारा गोंद. स्क्रू ड्रायव्हर दातांत अडकवून फ्लायव्हील अडवू नका, दात तुटतो नाहीतर हात. बेलहाउसिंगच्या भोकाला बोल्टनं बसणारा स्टॉपर मिळतो किंवा पट्टीचा करता येतो. नट थोडा तापवला की लॉकटाइट सैल होतं, मग तीन-चतुर्थांश इंची दांडी आणि तिला लांब पाइप.

आता क्रमाची चूक. फ्लायव्हील अडवलेलं असतानाच पुढचा, पुलीच्या मधला १९ चा बोल्टही सैल करून घ्या. बरेच जण उत्साहात आधी फ्लायव्हील काढून मोकळे होतात आणि मग पुढचा बोल्ट फिरवायला गेलं की अख्खा शाफ्ट फिरतो, धरायला काहीच नाही.

आणि नट सैल झाला म्हणजे फ्लायव्हील सुटलं असं नाही. ते निमुळत्या शाफ्टवर चावीसकट (खाचेत बसणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्यासकट) घट्ट रुतलेलं असतं. नट पूर्ण काढू नका, तीन-चार आट्यांवर राहू द्या, मग पुलर लावा किंवा कडेला दणका द्या. सुटतं तेव्हा मोठा आवाज करून एकदम सुटतं, आणि नट नसेल तर पायावर येतं.

थ्रस्ट बेअरिंग

माझ्या मते पहिल्यांदा खोलणाऱ्यांनी सगळ्यात नीट समजून घ्यायची गोष्ट हीच. पुढच्या बोल्टमागे शाफ्टवर एक रांग असते, आतून बाहेर: थ्रस्ट प्लेट, बारीक सुयांचं बेअरिंग, स्पेसर, मग दुसरं बेअरिंग, दुसरी प्लेट, तोल साधणारं वजन, ऑइल पंपाचं चक्र. बोल्ट घट्ट असतो तोवर सगळं जागच्या जागी. बोल्ट सैल केला आणि इंजिन आडवं असेल तर शाफ्ट जरासा मागे सरकतो, आतलं बेअरिंग स्पेसरवरून खाली घसरतं आणि बाहेरून काहीही दिसत नाही. नुसतं पुढचं सील बदलायला बोल्ट काढणारे इथेच मार खातात, कारण परत आवळताना बेअरिंग चिमटतं आणि त्याच्या सुया चुरडून ऑइलमध्ये जातात.

म्हणून पुढचा भाग खोलताना इंजिन पुढचं तोंड वर करून उभं ठेवा, जोडतानाही तसंच. आणि खोलायच्या आधी, नट-बोल्टना हात लावायच्याही आधी, डायल गेज लावून शाफ्टची पुढे-मागे हालचाल मोजा. ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर ठीक, ०.०९ च्या पुढे गेली तर स्पेसर बदलायचा. स्पेसरवर एक अक्षर कोरलेलं असतं, ते लिहून ठेवा. मी पहिल्या वेळी हे माप घेतलं नव्हतं आणि जोडताना हालचाल शून्य आली तेव्हा बेअरिंग चिमटलंय की स्पेसर चुकलाय हे कळायला काही मार्गच नव्हता, पूर्ण पुढचा भाग तीनदा खोलला.

थर सुटे करताना

आता इंजिन उलटं, मागची बाजू वर. टेन्शन बोल्ट एका दमात काढू नका, मॅन्युअलमधल्या क्रमानं सगळे थोडे थोडे सैल करत जा, नाहीतर प्लेट वाकड्या ताणात राहते. हे बोल्ट पाण्याच्या वाटेतून जातात त्यामुळे गंजलेले निघाले तर घाबरू नका, पण कुठला बोल्ट कुठून निघाला ते पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचून ठेवा.

मागची प्लेट उचलली की तिच्या पोटाकडे लगेच बघा. ऑइलच्या चिकटपणानं रोटरची साइड सील (रोटरच्या सपाट बाजूंवरच्या बारीक पट्ट्या) प्लेटीला चिकटून वर येतात आणि दोन पावलं चाललात की खाली टपकतात. मग ती कुठल्या खाचेतली ते सांगता येत नाही.

हाउसिंग मात्र सहज उचलली जात नाही. थर एका रेषेत ठेवायला दोन पोकळ डॉवेल असतात, ते बिडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये गंजून जाम होतात. माझं पहिलं हाउसिंग एका बाजूनं बोटभर वर आलं आणि दुसरी बाजू हलेना, ओढलं तसं ते आणखी तिरकं झालं, आणखी रुतलं. मी फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला. टक् आवाज झाला, हाउसिंग सुटलं, आणि खालच्या प्लेटीवर कूलंटच्या ओरिंगच्या खाचेची आतली भिंत तांदळाच्या दाण्याएवढी तुटली होती. ती भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड, तिच्या एका बाजूला जळता गॅस आणि दुसऱ्या बाजूला पाणी. प्लेट बाद. बाकी सगळं त्या प्लेटीचं उत्तम होतं.

त्यामुळे नियम एकच: फटीत काहीही घालायचं नाही. नंतरच्या १३बी मध्ये ही खाच प्लेटीत असते, जुन्यांत हाउसिंगमध्ये, पण दोन्हीकडे तेवढीच नाजूक. डॉवेल ओढायचं साधन असेल तर आधी डॉवेल काढा. नसेल तर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, ॲल्युमिनियम जरा तापवा, आणि प्लास्टिकच्या हातोड्यानं डॉवेलच्या जवळच्या जाड भागावर आलटून पालटून, एकदा इकडे एकदा तिकडे, वर ढकलत आणा. तिरकं झालं की ओढायचं नाही, खाली ठोकून परत सरळ करायचं आणि पुन्हा सुरुवात.

हाउसिंग वर येताना आतली एपेक्स सील स्प्रिंगच्या जोरानं बाहेर यायला बघतात. आधीच रोटरभोवती रबर बँड सरकवत गेलात तर ती जागेवर राहतात. त्यांच्या टोकाला एक छोटासा तिकोनी तुकडा असतो, नखाएवढाही नाही, तो हरवतोच, म्हणून खाली पांढरं कापड पसरा.

मधली प्लेट सरळ वर निघत नाही, शाफ्टचा फुगीर भाग आडवा येतो. इथे दोन माणसं लागतात. एकानं शाफ्ट इंचभर वर ढकलून धरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्यानं प्लेट त्या भागावरून सरकवून काढायची. एकट्यानं ओढाओढ केली तर बेअरिंगला ओरखडे.

रोटर आणि सील

रोटर चार किलोच्या वर भरतो आणि तेलानं निसरडा असतो. कापडावर ठेवा, गिअरची बाजू खाली. पुढचा कुठला मागचा कुठला ते मार्करनं लिहा, पंचनं खूण ठोकू नका. आता प्रत्येक सील तिच्या खाचेच्या नावानं वेगळ्या पुडीत: रोटर पुढचा की मागचा, बाजू पुढची की मागची, टोक कितवं. नवी सील घालणार असाल तरी हे करा, कारण झीज कुठे जास्त आहे ते जुन्या सीलच सांगतात. १३बी च्या एपेक्स सीलची उंची नवी असताना ८ मिलिमीटर, ६.५ ला आली की संपली. रेनेसिसमध्ये साइड सील कार्बननं खाचेत घट्ट बसतात, त्या पिनेनं उचकटू नका, द्रावणात भिजवा. पण कॉस्टिकमध्ये मुळीच नाही, ॲल्युमिनियमचं हाउसिंग आणि बेअरिंग दोन्ही जातात. हाउसिंगच्या आतल्या क्रोमवर लोखंडी खरवडणी लावायची नाही, आधी कडेचं क्रोम उडालंय का ते नखानं चाचपा.

शेवटी मोजणी. दोन रोटरच्या इंजिनात ६ एपेक्स सील, १२ साइड, १२ कॉर्नर (रोटरच्या कोपऱ्यांतली छोटी गोल सील), ८ ऑइल रिंग, आरएक्स-८ असेल तर कट-ऑफ रिंग वेगळ्या, आणि स्प्रिंग. कॉर्नर सील ११ च भरत असतील तर बारावी बहुतेक पुढच्या प्लेटीला चिकटलेली असते, तिथे बघितल्याशिवाय धुवायला काहीही घेऊ नका.