एकच टेकडी, एकच वाट, बारा महिने: पुण्यात रानात फिरायची सवय कशी लावायची

पुण्यात नुसतं "टेकडीवर जातो" म्हटलं की पुरतं, कुठली टेकडी ते समोरचा तुमच्या पत्त्यावरूनच ओळखतो. पण आपल्यातले बरेच जण टेकडीवर जातात ते घाम काढायला, वर मंदिरापर्यंत जायचं, हात लावायचा, घड्याळ बघायचं आणि खाली, त्यात वाईट काहीच नाही, मीही कित्येक वर्षं तेच करत होते. मग एका फेब्रुवारीत माझ्या रोजच्या वळणावरचं एक वाळकं, काटेरी, कधी लक्ष न दिलेलं झाड अख्खं लाल फुलांनी भरलं आणि त्यावर इतके पक्षी कल्ला करत होते की मला थांबावंच लागलं. ती काटेसावर होती. इतकी वर्षं मी तिच्या शेजारून गेले होते आणि ती मला माहीतच नव्हती याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून जे शिकले ते इथे लिहिते.

माझं सांगणं एकच आहे. दर रविवारी नवीन जागा शोधू नका, घराजवळची एकच वाट धरा आणि तिच्यावर वर्षभर जा. ऋतू बदलतो म्हणजे नक्की काय बदलतं ते एकाच जागी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आधी वाट ठरवा

नियम साधा, घरापासून पंधरा-वीस मिनिटांत पोचता आलं पाहिजे, नाहीतर पहिल्या थंडीत किंवा पहिल्या पावसात जाणं बंद होतं. कोथरूड, पौड रोड, लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड, पाषाण या बाजूला राहणाऱ्यांना वेताळ टेकडी आहेच, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, म्हणजे शहरातली सगळ्यात उंच. फर्ग्युसनच्या मागे हनुमान टेकडी. सहकारनगर, धनकवडी, सिंहगड रोडवाल्यांना तळजई आणि पाचगाव पर्वतीचं वन. बाणेर-पाषाणवाल्यांना त्यांची टेकडी. चढ नको असेल, गुडघे दुखत असतील तर तळजई बघा, माझी आई तिथेच जाते, वाटा रुंद आहेत, सावली आहे आणि मोर तर बहुतेक दिवशी ऐकू येतातच.

वाट निवडताना तिच्यात थोडं थोडं सगळं असेल असं बघा, एखादा झाडीचा पट्टा, थोडा उघडा गवताचा माळ, आणि जमलं तर ओढा किंवा जुनी दगडखाण जिच्यात पाणी साठतं. खाणीच्या पाण्यात उतरायचं मात्र नाही, कडा सरळ तुटलेल्या असतात आणि खोली कळत नाही. वनखात्याने पाटीवर वेळा लिहिलेल्या असतात त्या पाळा, आणि लष्कराच्या हद्दीची पाटी दिसली की तिथूनच परत फिरा. फेरी दोन-अडीच किलोमीटरची पुरे.

सोबत काय घ्यायचं

फार काही नाही. तळव्याला खाचा असलेले बूट, फुल पँट, पाणी, टोपी, एक छोटी वही. बुटांवर मात्र कंजुषी करू नका कारण आपल्या टेकड्यांवर मुरूम आहे, उतरताना तो गोट्यांसारखा पायाखालून सरकतो, त्याला घसारा म्हणतात. अशा जागी लांब टांगा टाकायच्या नाहीत, गुडघे किंचित वाकवून छोटी छोटी पावलं टाकायची आणि सुट्या खड्यांवर पाय न ठेवता जमिनीत रुतलेल्या दगडावर ठेवायचा. पावसाळ्यात उलटं होतं, काळ्या बेसॉल्टवर शेवाळ धरतं आणि तोच पक्का वाटणारा दगड घात करतो, तेव्हा मातीवरून किंवा कडेच्या गवतावरून चाला.

दुर्बीण नंतर घेतली तरी चालेल. हेडफोन मात्र घरी ठेवा, रानातलं निम्म्याहून जास्त आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. आवाज ओळखायला मर्लिन नावाचं ॲप आहे, झाडं-किड्यांसाठी आयनॅचरलिस्ट, दोन्ही फुकट आहेत. पण ॲपने नाव सांगितलं की काम संपलं असं करू नका, टेकडीवर रोज येणाऱ्या एखाद्या काका-काकूंना मराठी नाव विचारा, कारण त्या नावात बहुतेकदा काहीतरी माहिती असते.

चालायचं कसं

व्यायाम हवाच असेल तर जाताना भरभर चढा आणि येताना हळू या. हळू म्हणजे खरंच हळू. एका ठरलेल्या वळणावर रोज पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, बोलायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही, मग सातभाई पक्षी परत पाचोळा उपसायला लागतात, शिंपी पक्षी ओरडायला लागतो, म्हणजे तुम्ही आलात म्हणून ते गप्प झाले होते हे तेव्हा लक्षात येतं.

दुसरं काम, तीन झाडं आपली माना. एक पळस, एक काटेसावर किंवा सालई यांच्यासारखं पूर्ण पानगळ होणारं, आणि तिसरं तुम्हाला आवडेल ते. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून त्याच कोनातून एक फोटो काढायचा आणि वहीत तारीख टाकून दोन ओळी लिहायच्या. पहिल्या दोन महिन्यांत हे कंटाळवाणं वाटेल. सोडू नका.

पावसाळा

माझ्यासाठी वर्ष जूनमध्ये सुरू होतं. मृगाचा पाऊस पडला की एक-दोन दिवसांत ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालताना दिसतात, तो मृगाचा किडा. आपण किडा म्हणतो पण पाय मोजा, आठ भरतील, तो कोळ्यांच्या नात्यातला आहे. थोडेच दिवस दिसतो आणि परत जमिनीत जातो, म्हणून या दिवसांत एकही फेरी चुकवू नका, आणि मुलं बरोबर असतील तर तळहातावर घेऊ द्या पण बाटलीत भरू देऊ नका.

याच सुमाराला नवरंग येतो. दाट झुडपातून दोन सुरांची स्वच्छ शीळ ऐकू आली की तिथेच थांबा, तो जमिनीवर पाचोळ्यात उड्या मारत असतो त्यामुळे वर झाडात शोधून उपयोग नाही. काळा-पांढरा तुरेवाला चातकही येतो, त्यातले काही थेट आफ्रिकेतून पावसाच्या वाऱ्याबरोबर येतात, आणि आपण ते कर्वे रोडपासून अर्ध्या तासावर बघू शकतो, मला हे अजूनही खरं वाटत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये झुडपांत कळलावी शोधा. तिच्या पानाचं टोकच गुंडाळून आधार पकडतं, वेगळे ताणे नसतात, आणि फूल उमलताना हिरवट-पिवळं असतं ते रोज थोडं थोडं लाल होत जातं, म्हणून सलग तीन-चार दिवस एकच फूल बघण्यात मजा आहे. हात लावून तोडू नका, कंदासकट सगळी वनस्पती विषारी आहे. नशीब असेल तर खर्चुडी दिसेल, छोट्या कंदिलासारखं फूल, त्याच्या नळीत खाली वळलेले केस असतात, बारीक माशी आत जाते आणि तिला बाहेर येता येत नाही, मग केस कोमेजले की ती परागकण घेऊन सुटते. एवढं सगळं बोटाएवढ्या फुलात चालतं. ती दिसली तर फोटो काढा पण नेमकी जागा सगळ्या ग्रुपवर टाकू नका, कंद उपटून नेणारे लोक असतात.

एक सावधगिरी. मे-जूनच्या वळवात विजा असतात. गडगडाट ऐकू आला की माथा लगेच सोडायचा, एकट्या उंच झाडाखाली थांबायचं नाही.

गणपती ते दिवाळी

गवत कमरेएवढं होतं आणि मग कुसळ. सॉक्समध्ये घुसतं म्हणून सगळे वैतागतात, पण घरी आल्यावर एक कुसळ पाण्याच्या थेंबात ठेवून बघा, त्याची शेपटी पीळ सोडत गोल फिरते. ओल आणि कोरड यांच्यामुळे ती अशी फिरत राहते आणि बी स्वतःला गिरमिटासारखं मातीत घुसवतं. मुलांना हे एकदा दाखवलं की पुढच्या वेळी तीच कुसळं गोळा करून आणतात.

हे फुलपाखरांचेही दिवस. रुईचं झुडूप गाठा, पानं उलटी करून बघा, पट्ट्यापट्ट्यांची अळी मिळाली तर ती प्लेन टायगरची, रुईचं विष अंगात साठवते म्हणून पक्षी तिला सहसा खात नाहीत. ऑक्टोबरच्या आसपास माळावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात, यातली एक जात हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेत जाते. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या संध्याकाळी मुद्दाम परत टेकडीवर गेले, नुसतं त्यांना बघायला.

थंडी

डिसेंबरात गंमत अशी की पायथ्याशी जास्त गारठा लागतो आणि वर गेलं की जरा ऊब वाटते, कारण रात्री थंड जड हवा खाली सखल भागात जाऊन बसते. त्यामुळे घरातून निघताना जे वाटतं त्यावरून परत पांघरुणात जाऊ नका.

पाहुणे पक्षी आलेले असतात. दगडावर बसून शेपटी थरथरवणारा थिरथिरा, मोकळ्या जागी शेपटी वरखाली करत पळणारा धोबी. खुळखुळ्याच्या शेंगा वाळलेल्या असतात, हलवून बघा, नाव का पडलं ते कळेल. सकाळच्या दवात कोळ्यांची जाळी दिसतात, ती सूर्य समोर ठेवून बघायची, पाठीमागे ठेवून नाही.

थंडीत घोणस उन्हाला वाटेवर येऊन पडते. जाड अंग, साखळीसारखे ठिपके, जवळ गेलात तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. थांबा, मागे सरका, तिला जाऊ द्या. चावलाच एखादा साप तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करून सरळ मोठं सरकारी हॉस्पिटल गाठायचं. हे भीती घालायला सांगत नाही, मी इतक्या वर्षांत घोणस मोजून तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा तीच आधी निघून गेली.

पानगळ आणि उन्हाळा

फेब्रुवारी ते मे या दिवसांत "आता काय आहे तिथे, सगळं वाळलंय" म्हणून लोक येणं सोडतात आणि माझ्या मते तिथेच सगळ्यात मोठी चूक करतात. पानं गेल्यामुळे पक्षी आणि घरटी उघडी दिसतात. काटेसावर, पळस, पांगारा हे निष्पर्ण झाडावर फुलतात, मग गणेरीची मोठी पिवळी फुलं, आणि एप्रिल-मेमध्ये बहावा. फुललेल्या काटेसावरीखाली सकाळी अर्धा तास बसा, मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर सगळे तिथे येऊन जातात, तुम्हाला कुठेही जावं लागत नाही.

याच वेळी पुष्कळ ठिकाणी गुलबट-पांढरी फुलं दिसतील, ती गिरिपुष्पाची, हे मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलं गेलं, उंदीरमारी असंही म्हणतात. दिसायला छान आहे, पण त्याच्या दाटीखाली इथलं फारसं काही उगवताना दिसत नाही, त्याची आणि शेजारच्या मोकळ्या माळाची स्वतः तुलना करून बघा. आणि माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथे टिटवी, चंडोल, तित्तर जमिनीवरच अंडी घालतात. म्हणून कुत्रा साखळीला ठेवायचा, शॉर्टकट पाडायचे नाहीत (एक नवीन वाट पडली की पुढच्या पावसात तिचा ओघळ होतो आणि माती वाहून जाते), आणि खड्डा खणून हवं ते झाड लावण्याआधी तिथे काय आहे ते वर्षभर बघायचं.

वणव्याचे दिवसही हेच. धूर दिसला तर स्वतः आगीत शिरू नका, वारा जिकडून येतोय त्या बाजूला व्हा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा १०१ ला कळवा, नक्की जागा सांगता यावी म्हणून मोबाईलवरचं लोकेशन आधीच बघून ठेवा. जळल्यानंतरही तुमच्या वाटेवर जायचं सोडू नका, काय परत येतं आणि कधी येतं ते वहीत लिहा.

मे सरत आला की कधीतरी पहाटे पावशा "पेरते व्हा" ओरडायला लागतो. त्या दिवसाची तारीख लिहा, मागच्या वर्षीची काढून शेजारी ठेवा, आणि जून लागायच्या आत बुटांचे तळवे झिजलेत का ते बघून घ्या.