लाइव्ह लूपिंग: लॅपटॉप की लूप स्टेशन हे ठरवण्याआधी या चुका टाळा

"लूपिंगसाठी लॅपटॉप घेऊ की लूप स्टेशन?" हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. (लूपिंग म्हणजे एक तुकडा तिथल्या तिथे रेकॉर्ड करून फिरता ठेवायचा आणि त्यावर पुढचे थर चढवायचे; लूप स्टेशन म्हणजे त्यासाठीच बनवलेलं यंत्र.) मी आधी एवढंच करून बघायला सांगतो: टाळी देत तीनतालाचं एक आवर्तन मोजा आणि सोळा मात्रा संपल्यावर नेमका समेवर पाय आपटा. लूप बंद करणं म्हणजे सम गाठणंच. तिथे पाय डळमळत असेल, तर कुठलंही यंत्र घेतलं तरी लूप लंगडणार.

बहुतेकांची चूक इथेच होते. शेवटचा स्वर संपला की ते फूटस्विच दाबतात. पण दाबायचं असतं पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. टाच जमिनीवर टेकवून फक्त चवडा हलवा, पूर्ण पाय उचलू नका. आणि तुमचा स्विच दाबल्यावर काम करतो की सोडल्यावर, हे घरीच तपासून घ्या. काही स्विच पाय उचलल्यावर चालतात आणि मग लूप जराशी उशिरा बंद होते.

क्वांटाइझ (लूपची सुरुवात-शेवट आपोआप बारला जुळवणारी सोय) चालू केलं की सगळं जुळेल, असा एक समज आहे. यंत्र मुळात चार मात्रांचा बार, म्हणजे चार-चारचा गट, धरून बसलेलं असतं. तुम्ही रूपक गायलात आणि सात मात्रांनी पाय दाबलात, तरी ते आठवी मात्रा संपेपर्यंत थांबतं. मग प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक रिकामी मात्रा राहते. रूपकाला आधीच ७/४, म्हणजे सात मात्रांचा बार लावा. झपतालाला ५/४ लावून दोन बार घ्या.

लॅपटॉपवाल्यांचं मोठं दुखणं म्हणजे लेटन्सी, आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंतचा उशीर. एका कॉलेजच्या अंगणातल्या कार्यक्रमात मी बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने गोळा करून पुढे पाठवतो तो आकडा) ५१२ वर ठेवून वाजवायला बसलो होतो. ठेका घेतला, त्यावर टाळ घेतले, आणि दुसऱ्याच आवर्तनाला टाळ ठेक्याच्या मागे खुरडत असल्यासारखे वाजू लागले. हिशेब साधा आहे. ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० नमुने) ५१२ चा बफर म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा. एकूण २१ च्या वर. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सात मीटर जातो, म्हणजे तबलजीला सात मीटर लांब बसवून गाण्यासारखं झालं. १२८ वर तेच अंतर दोन मीटरच्या आत येतं. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारी पेटी) कंपनीचा असिओ (ASIO) ड्रायव्हरच वापरा, तो हा उशीर कमी ठेवतो. ब्लूटूथ हेडफोन तर नकोच.

बफर कमी करूनही लेअर (नवा थर) मागे पडत असेल, तर इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये केबल लावा, मेट्रोनोम वाजवून तो रेकॉर्ड करा आणि टिक ठोक्याच्या किती मागे पडली ते बघा. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशनचा आकडा असतो. रेकॉर्डिंगमधला हा फरक तिथे दुरुस्त होतो. आपला आवाज दुहेरी ऐकू येत असेल, तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग दोन्ही चालू राहिलेलं असतं. एक बंद करा.

लूप स्टेशन या बाबतीत सुखाचं. चालू केलं की काही सेकंदांत तयार होतं. बॉस कंपनीच्या आरसी-५०५ वर पाच ट्रॅक मिळतात आणि बहुतेक गाण्यांना ते पुरतात. मी नवशिक्याला हेच सुचवतो.

चौथ्या-पाचव्या लेअरनंतर सगळं गढूळ होतं, ही तक्रार दोन्हीकडची. एक कारण म्हणजे मॉनिटरमधून (गायकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून) वाजणारी लूप माइकमध्ये शिरते आणि नव्या लेअरबरोबर पुन्हा रेकॉर्ड होते. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) डायनॅमिक माइक घ्या, ओठांपासून दोन बोटांवर धरा, मॉनिटर माइकच्या थेट पाठीमागे ठेवा. त्या बाजूने त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. दुसरं कारण लेव्हल. पहिला लेअर घेतानाच मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, पुढच्यांना जागा लागते. १९७० च्या दशकात गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो दोन टेप रेकॉर्डर जोडून लूप करायचे, तेव्हा जुना थर आपोआप विरत जायचा. आजची यंत्रं साधारणपणे सगळं तसंच राखून ठेवतात. एबलटनच्या लूपरमध्ये फीडबॅक (जुना आवाज किती राखायचा तो आकडा) थोडा कमी केला की ओव्हरडब करताना, म्हणजे वर नवा थर चढवताना, जुने थर हळूहळू मागे सरतात.

घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला, तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून करंट फिरतोय. त्यावर उपाय म्हणजे ग्राउंड लिफ्टचं (अर्थचा जोड तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स, लॅपटॉपच्या बाजूचा आवाज साउंड सिस्टिमला जोडताना मध्ये लावायची छोटी पेटी. काही जण प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. ते कधीही करू नका. ओल्या मांडवात, हातात माइक असताना त्याने जीव जाऊ शकतो.

शेवटचं, विजेचं. गणपतीच्या दिवसांत मांडवाची लाइट जाऊन जनरेटर लागेपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात अ‍ॅडॉप्टरवरचं लूप स्टेशन बंद पडतं आणि सेव्ह न केलेली लूप जाते. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तगतो, यूएसबीवर चालणारा इंटरफेसही तगतो. म्हणून लूप स्टेशनला छोटा यूपीएस लावाच. आरसी-१ सारखं छोटं पेडल नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, पण वाजवून झालं की इनपुटची जॅक काढून ठेवा. ती आत राहिली तर बॅटरी रात्रभर उतरत राहते.