चौकातली सायकल म्हणजे हळू चालणारी कार नव्हे

सुमो (SUMO) या रहदारीचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वाहनवर्ग 'बायसिकल' दिला की काम झालं असं वाटतं, पण चौकात लगेच घोळ दिसतो: लाल दिव्यावर सायकली गाड्यांच्या मागे एकामागे एक उभ्या राहतात. कारण मूळ मॉडेलमध्ये एक वाहन अख्खी लेन अडवतं, मग ते फक्त 0.65 मीटर रुंद का असेना. प्रत्यक्षात सायकलस्वार कडेच्या फटीतून पुढे सरकून थांबारेषेजवळ घोळका करतात. हे हवं असेल तर 'लॅटरल-रिझोल्युशन' हा पर्याय चालू करा; त्यात लेनच्या उभ्या पट्ट्या पाडून पट्टीची रुंदी मीटरमध्ये द्यायची. 3.2 मीटरच्या लेनला 0.8 दिलं तर चार पट्ट्या पडतात. पट्ट्या जितक्या बारीक, तितका सिम्युलेशनचा रन रेंगाळतो, त्यामुळे उगाच 0.1 देऊ नका. सायकलच्या प्रकारात कडेला धरून चालण्याचा गुण आणि बाजूचं किमान अंतरही ठरवा. अंतर जास्त ठेवलं तर फटीत कुणी शिरणारच नाही.

मग वेग. सगळ्यांना एकच वेग दिला तर घोळका कवायतीसारखा सुटतो, म्हणून वेगगुणकात (ज्याने प्रत्येकाचा वेग कमी-जास्त होतो त्या आकड्यात) विचलन, म्हणजे थोडा फरक, ठेवा.

सिग्नलची वेळ मात्र हाताने तपासाच. 25 मीटरचा चौक ताशी 15 किलोमीटरने ओलांडायला 6 सेकंद लागतात, ताशी 50 च्या कारला 1.8. कारच्या हिशेबाने ठेवलेल्या मोकळ्या वेळेत (एका दिशेचा हिरवा संपून दुसरीचा लागेपर्यंत चौक रिकामा व्हायला दिलेल्या वेळेत) सायकल मधेच सापडते. चौकाच्या आतली टक्कर-तपासणी मुळात बंद असते. ती चालू केल्याशिवाय हे कळत नाही.