फोनची नोटिफिकेशन्स आणि एसएमएस कॉम्प्युटरवर

अँड्रॉइड फोन आणि लिनक्स किंवा विंडोज कॉम्प्युटर असेल तर केडीई कनेक्ट हे अ‍ॅप वापरा. ते मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही आणि मजकूर कुणाच्या सर्व्हरवर न जाता आपल्याच वायफायवरून, एन्क्रिप्ट होऊन थेट कॉम्प्युटरवर येतो. बँकेचे मेसेज ज्या फोनवर येतात, त्याच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

अ‍ॅप दोन्हीकडे इन्स्टॉल करा. लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर त्याचं जीएसकनेक्ट हे एक्स्टेन्शन (तेच काम करणारी जोड) घ्या, पण मग त्याच मशीनवर केडीई कनेक्टही चालू ठेवू नका; दोघांना तेच पोर्ट (नेटवर्कवरून ये-जा करण्याची क्रमांकित दारं) लागतात. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर आणा, फोनवरच्या यादीतलं कॉम्प्युटरचं नाव निवडा आणि पेअरिंगची विनंती पाठवा. दोन्ही स्क्रीनवर दिसणारा कोड जुळतोय ना, हे पाहूनच ती स्वीकारा.

पेअरिंग झालं म्हणजे नोटिफिकेशन्स आलीच असं नाही. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' द्यावा लागतो. एसएमएसची परवानगी वेगळी, कॉन्टॅक्टची त्याहून वेगळी; ती नसेल तर नावांऐवजी नुसते नंबर दिसतात. अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या फोनवर एपीके फाइल (अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल) थेट उतरवून अ‍ॅप टाकलं असेल, तर नोटिफिकेशनचं बटण फिकट राहतं आणि दाबलं जात नाही. अशा वेळी त्या अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर जा आणि वरच्या तीन ठिपक्यांतून 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज'ला मुभा द्या. मग बटण चालतं.

कोणत्या अ‍ॅपची नोटिफिकेशन्स पाठवायची ते पहिल्याच दिवशी ठरवा. सगळी चालू ठेवली तर कॉम्प्युटरवर इतका गोंधळ होतो की महत्त्वाचा मेसेज त्यात हरवतो. फोनची स्क्रीन बंद असतानाच पाठवण्याचा पर्यायही फोनवरच्या अ‍ॅपच्या याच नोटिफिकेशन सेटिंगमध्ये आहे.

कॉम्प्युटर यादीत दिसतच नसेल तर आधी कॉम्प्युटरची फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा अडवणारी सुरक्षा) तपासा. १७१४ ते १७६४ हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारच्या नेटवर्क वाहतुकीसाठी खुले हवेत. बरेच जण एकच उघडतात आणि अडकतात. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर राउटर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही, तिथे हे चालणार नाही. व्हीपीएन बंद करून पाहा. तरीही नाव आलं नाही तर फोनच्या अ‍ॅपमध्ये कॉम्प्युटरचा आयपी पत्ता हाताने टाका.

थोडा वेळ चालून जोडणी तुटत असेल, तर फोनची बॅटरी बचत अ‍ॅपला झोपवते आहे. त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढा. नोटिफिकेशन येतं पण त्यातला ओटीपी दिसत नाही, ही अँड्रॉइड १५ पासूनची सिस्टिमची खबरदारी आहे. तुमच्या जोडणीत दोष नाही.

आरसीएस चॅटसाठी (इंटरनेटवरून जाणारे, एसएमएसच्या पुढचे मेसेज) केडीई कनेक्टच्या एसएमएस खिडकीवर भरवसा ठेवू नका. त्यांच्यासाठी गूगल मेसेजेसची वेब आवृत्ती ब्राउझरमध्ये उघडून फोन जोडा.

आयफोनवरची नोटिफिकेशन्स केडीई कनेक्ट पाठवू शकत नाही. मॅक असेल तर आयफोनच्या मेसेजेस सेटिंगमध्ये 'टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग' चालू करा. दोन्हीकडे एकच अ‍ॅपल खातं हवं. विंडोज ११ असेल तर मायक्रोसॉफ्टचं फोन लिंक हे अ‍ॅप ब्लूटूथवरून जोडता येतं.

कॉम्प्युटर विकण्याआधी किंवा दुसऱ्याला देण्याआधी फोनच्या बाजूनेही अनपेअर करा आणि गूगल मेसेजेसच्या जोडलेल्या उपकरणांतून ते नाव काढून टाका.