ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि फोनची बॅटरी: चार्जिंगच्या या चुका टाळा

चार्जिंग किती टक्क्यांवर थांबवायचं याची चर्चा घरोघरी होते, पण ग्वाल्हेरमध्ये बॅटरीचा खरा शत्रू आहे उष्णता. ॲपल आणि सॅमसंग, दोघेही फोन ० ते ३५ अंशांत वापरा असं सांगतात. मे महिन्यात आपला पारा अनेकदा ४५ च्या आसपास जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक ही: भरदुपारी बाड्याच्या बाजारातून यायचं, स्कूटरच्या डिक्कीत तापलेला फोन काढायचा आणि घरात शिरताच फास्ट चार्जरला लावायचा. तापलेल्या बॅटरीत इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे आतल्या रसायनाचं, विघटन वेगाने होतं. त्यात चार्जिंगची स्वतःची उष्णता मिळते आणि क्षमता कायमची घटते. आधी कव्हर काढा, फोन पंख्याखाली २०-२५ मिनिटं ठेवा, हाताला गार लागला की मगच चार्जिंग. घाई नसेल आणि फोनमध्ये सोय असेल तर सेटिंगमधून फास्ट चार्जिंग बंदच ठेवा. फ्रीजमध्ये मात्र कधीही ठेवू नका, आत दव धरतं. कूलरच्या टपावर ठेवून चार्ज करणंही धोक्याचं. पाणी आणि वीज शेजारी नकोत.

रात्रभर चार्जिंगने बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होते ही भीती जुनी आहे. भरली की फोन स्वतःच करंट तोडतो. नुकसान होतं ते तासन्‌तास १०० टक्क्यांवर, म्हणजे सर्वात जास्त व्होल्टेजवर, राहिल्याने. फोन उशीखाली असेल तर दुप्पट काळजी करा. आयफोन १५ पासून पुढे आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावता येते, ती लावा. सकाळी दिल्लीची गाडी पकडायची असेल तेव्हा खुशाल १०० करा. खाली २० टक्क्यांच्या आसपास चार्जरला लावणं बरं. महिन्यातून एकदा शून्यापर्यंत उतरवण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला, तो सोडून द्या. जुना फोन कपाटात ठेवताना मात्र ५० टक्के चार्ज करून, बंद करून ठेवा.

मर्यादा लावलेली नसतानाही चार्जिंग ८० वर अडकलं तर लगेच दुकानात धावू नका. फोन तापल्यावर बरेच मॉडेल मुद्दाम थांबतात, गार झाल्यावर पुढे चालू होतं. वायर हलवली की चार्जिंग तुटत असेल तर बहुतेकदा पोर्टमध्ये धूळ आणि खिशातली लव दाबून बसलेली असते. लू सुटली की हे हमखास होतं. फोन बंद करा, टॉर्च धरा आणि लाकडी टूथपिकने कडेकडेने हलकेच काढा. पिन किंवा सुई नको, संपर्काच्या पट्ट्या शॉर्ट होतात. चार्जर नवा घेताना त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि नोंदणी क्रमांक पाहा. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो तपासता येतो.

२५-३० टक्के दिसत असताना फोन अचानक बंद पडतो? बहुतेक वेळा बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून करंटला होणारा अडथळा, वाढलेला असतो. सवयी बदलून ती सुधारत नाही, बदलावीच लागते.

आणि स्क्रीनची कड उचललेली किंवा मागचं झाकण फुगलेलं दिसलं, तर त्याच क्षणी चार्जर काढा. दाबून बसवू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. फोन बंद करून फरशीवर, कपडे-कागदांपासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या.