मेलेला उंदीर शेतात सोडू नका

पीक पोटरीत यायच्या, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आत उंदरांचा बंदोबस्त उरका. दाणा भरायला लागला की उंदीर आमिषाकडे ढुंकून बघत नाही. मग माणूस घायकुतीला येऊन दुप्पट विष टाकतो. दरवर्षी बघतोय, चूक तीच: विष टाकलं, घरी गेले, मेलेले उंदीर जागच्या जागी. ते उचलतात घुबड, घार, मुंगूस. पुढच्या हंगामाला घुबड नसतं, उंदीर असतातच.

विक्रेते ब्रोमॅडिओलोनची तयार वडी पुढे करतात, ‘टाका आणि विसरा’ म्हणतात. या विषाने रक्त गोठत नाही, पण उंदीर मरायला चार-पाच दिवस तरी लागतात. तोवर तो झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो आणि घुबडाला आयता सापडतो. विष यकृतात महिनोन्महिने टिकतं. मी तरी शेतात ही वडी वापरत नाही.

संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत, बाकीच्यांत विष घालणं वाया. जिवंत बिळांत दोन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवा, बिळामागे 20 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी झिंक फॉस्फाईड: 96 भाग भरडा, 2 भाग तेल, 2 भाग औषध. हातमोजे घालून, उघड्या हवेत, काठीनेच कालवा. पाणी लागलं की विषारी वायू सुटतो. बिळात 10 ग्रॅम, खोल सरकवून तोंड बंद. बांधावर सांडलेला एक चमचासुद्धा मोर-तित्तिरांचा जीव घेतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फेरी मारा. घारी उठायच्या आत. मेलेले उंदीर फावड्याने उचलून दोन फूट खोल पुरा. ही फेरी तीन दिवस.

पुस्तकात वाचलेलं नाही, पण माझा अंदाज: चांदण्यात उंदीर कमी फिरतो, अंधाऱ्या रात्री आमिष जास्त उठतं.

बाकी कामं:
– बांध पेटवू नका.
– फुलोऱ्यात फवारणी टाळा. अगदीच गरज पडली तर सूर्य मावळल्यावर.
– कापणी मधून कडेकडे, म्हणजे पक्षी-प्राण्यांच्या पिल्लांना पळायला वाट राहते.
– एकरी 8-10 पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या.

झाडांची विरळणी करताना वाळकं, ढोलीचं झाड आधी तोडलं जातं. त्याआधी बुंध्याशी बघा. अंगठ्याएवढे राखाडी गोळे पडलेत का? एखादा काडीने फोडा. केसांत गुंडाळलेली उंदराची कवटी, पिवळे दात निघाले तर वर घुबड राहतं. ते झाड ठेवा.