‘रिस्पॉन्सिबिलिटी’चा आघात शेवटून मोजा

जबाब, जबाबदार, जबाबदारी. मराठीत हा शब्द जसा पायरीपायरीने वाढला, तसाच इंग्रजीतही: रिस्पॉन्ड म्हणजे उत्तर देणे, त्याच कुळातला रिस्पॉन्सिबल, त्याला ‘-इटी’ जोडून रिस्पॉन्सिबिलिटी. पण मराठीत ‘ई’ लागल्याने ‘जबाबदार’चा उच्चार फारसा हलत नाही. इंग्रजीत ‘-इटी’ लागली की आघात, म्हणजे शब्दातल्या एका भागावर पडणारा जोर, बहुधा जागा सोडतो, आणि आपली जीभ नेमकी तिथेच अडखळते.

आधी सिलेबल, म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, पाडा: रि–स्पॉन्–स–बि–ल–टी. सहा. लिहिताना ‘न्’ पुढच्या ‘सि’ला चिकटतो, बोलताना तो ‘स्पॉ’बरोबर ठेवा.

‘-इटी’च्या शब्दात मुख्य आघात शेवटून तिसऱ्या सिलेबलवर, म्हणजे इथे ‘बि’वर येतो. ‘बि’ ठसठशीत आणि जरा चढ्या सुरात म्हणा, मात्र तिची ‘बी’ करू नका. ‘स्पॉन्’वर त्याहून हलका, दुय्यम आघात. ‘स’ आणि ‘ल’ तर नुसते ओझरते. स्पेलिंगमध्ये तिथे ‘आय’ दिसतो म्हणून ठासून ‘सि’, ‘लि’ म्हटलं की सगळी सिलेबल सारख्या वजनाची होतात आणि ऐकणाऱ्याला शब्द चटकन ओळखता येत नाही.

शेवटून मोजायचं कारण ‘इर्रिस्पॉन्सिबिलिटी’त दिसतं. पुढे एक सिलेबल वाढून सात झाली, सुरुवातीपासून ‘बि’ पाचवी झाली. शेवटून मात्र तिसरीच. इलेक्ट्रिकचा आघात ‘लेक्’वर, इलेक्ट्रिसिटीचा ‘ट्रि’वर, नियम तोच. ‘-नेस’ला हा नियम लावू नका: हॅपी आणि हॅपिनेस, दोन्हींत आघात ‘हॅ’वरच.

सराव उलटा करा, शेपटाकडून: बिलटी, सबिलटी, स्पॉन्सबिलटी, रिस्पॉन्सबिलटी. दर वेळी ‘बि’वर टाळी. सुरुवातीपासून म्हणत गेलं तर ‘रिस्पॉन्सिबल’ची सवय ‘स्पॉन्’वरच जोर देते, आणि घाईत ‘ब्लिटी’ होऊन एक सिलेबल गळते. ती गळू देऊ नका, कारण आघात तिच्यावरच आहे.

स्पेलिंगची चूकही त्या ओझरत्या स्वरामुळेच होते. ‘एस’नंतर ‘आय’ की ‘ए’ हे कानाला कळत नाही, म्हणून ‘ॲबिलिटी’च्या धर्तीवर ‘ए’ लिहिला जातो. अशा वेळी ‘रिस्पॉन्सिव्ह’ आठवा. त्यात ‘आय’ स्पष्ट ऐकू येतो. आणि ‘रिस्पॉन्सिबल’च्या शेवटचे ‘बी-एल-ई’ इथे ‘बी-आय-एल’ होतात, मग ‘आय-टी-वाय’.